राजनंदिनीचा ड्रम

“ड्रम द्या, पण रिकामा. पाणी नको मला,” सत्यशीला मॅडम दारातूनच म्हणाल्या. हातात कोपरापर्यंतचे रबरी मोजे, डोळे लालबुंद. मी कडेवरच्या नंदूला चटकन मागं घेतलं.

आमच्या औरंगपुऱ्यातल्या गल्लीत नळ आठवड्यातून एकदा येतो, आणि तो दिवस आज होता. सासूबाई अंगणात पाइप धरून बसल्या होत्या.

“काय झालं मॅडम?”

“पिल्लाची काचेची पेटी तडकली. खालून सगळं फॉर्मॅलिन गळायलंय.”

पिल्लू म्हणजे डॉल्फिनचं, कुजू नये म्हणून फॉर्मॅलिनमध्ये बुडवून ठेवलेलं. आमच्या समोरच, गल्लीच्या पलीकडं, कॉलेजचं प्राण्यांचं म्युझियम आहे. मॅडम तिथल्या क्युरेटर. दुपारी नंदू झोपेना की मी तिला तिथं नेते. मॅडम तिला समुद्रघोडे दाखवतात आणि मी बरण्यांची झाकणं घट्ट आहेत ना, ते बघत राहते.

मॅडम सिल्लोडकडच्या, मेंढरं राखणाऱ्या घरातल्या. एमएस्सी होईपर्यंत त्यांनी समुद्र पाहिला नव्हता. मग रत्नागिरीला कोळ्यांच्या होड्यांतून कितीतरी वर्षं हिंडल्या. सुरुवातीला मासे कमी आणि ओकाऱ्याच जास्त, असं त्या हसत सांगतात. वडील, कडूबा, विचारायचे, “समिंद्रात राखायचं काय असतं गं?” कायमची नोकरी मिळाली ती इथं, समुद्रापासून इतक्या लांब. मग त्यांनी एसटीच्या सीटखाली बरण्या ठेवून ठेवून समुद्रच इकडं आणला. कडूबा एकदा म्युझियम बघायला आले होते म्हणे. पिल्लापुढं बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, “बरं राखलंस.”

त्या पिल्लाची आई मरून किनाऱ्याला लागली होती. ते पोटातच होतं, जन्माला आलेलं नव्हतं. मॅडमनी ते आपल्या हातांनी बाहेर काढलं. हे त्यांनी मला सांगितलं तेव्हा नंदू माझ्या पोटात होती. त्यानंतर बाळंत होईपर्यंत मी म्युझियममधल्या पिल्लाच्या कोपऱ्याकडं फिरकले नाही.

आमच्या गल्लीत ड्रमांवर नावं लिहितात, अदलाबदल नको म्हणून. रिकामा होता तो नेमका नंदूच्या नावाचा. तिच्या बारशाच्या वेळी ह्यांनी हौसेनं घेतलेला, त्यावर ऑइलपेंटनं ‘राजनंदिनी’. नंदूला सासूबाईंपाशी बसवून मी आणि म्युझियमच्या रत्नमाला मावशींनी तो गल्लीतून घरंगळवत नेला.

पिल्लू टेबलावर ओल्या टॉवेलात गुंडाळलेलं होतं. वासानं डोळे झोंबत होते, म्हणून मी खिडकीपाशीच थांबले. मॅडमजवळ कडक फॉर्मॅलिनचे कॅन होते, पण त्यात कितीतरी पट पाणी घालावं लागतं.

“टँकर सांगितलाय उद्याचा,” मॅडम म्हणाल्या.

“उद्याचा म्हंजी परवा येनार,” रत्नमाला मावशी म्हणाल्या. “तवर ह्ये वाळंल की.”

“कापड ओलं ठेवीन मी. बसते इथंच.”

“आमच्याकडं नळ आलाय मॅडम,” मी म्हणाले.

“नाय. लहान लेकरू हाय तुमच्या घरात.” मॅडमनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. टॉवेल शेपटीपर्यंत पुरत नव्हता, तो खाली ओढत राहिल्या. शेपूट झाकलं की डोकं उघडं पडायचं.

मी घरी आले आणि सासूबाईंच्या हातातला पाइप घेतला.

“कुठं नेतीस? अजून दोन ड्रम व्हायचेत.”

“मॅडमकडं.”

“मेलेल्या माशाला पाणी? आन् ह्या पोरीला आठवडाभर कशानं धुवायचं, रुमालानं पुसून?”

नंदूच्या प्यायचं पाणी मी दोनदा उकळते. तिला नुसती शिंक आली तरी माझी झोप उडते. सासूबाई म्हणत होत्या ते मलाही पटत होतं. पण पाइप काही माझ्या हातून सुटेना. मी तो तसाच ओढत फाटकाबाहेर नेला.

मागून आवाज आला, “पीळ पडू दिऊ नको त्याला. मी उभी ऱ्हाते मधी, न्हाय तर गाड्या जातील वरून.” आणि सासूबाई नंदूला कडेवर घेऊन, एक हात आडवा करून, भर गल्लीत उभ्या राहिल्या. हॉर्न वाजवणाऱ्या एका पोराला म्हणाल्या, “उडून जा.”

खिडकीतून पाण्याची धार आत आली तशा मॅडम वळल्या. “नको म्हटलं होतं मी.”

“नळ जाईल मॅडम, आधी भरून घ्या.”

ह्या शहरात त्यावर कुणी वाद घालत नाही.

पाणी आणि फॉर्मॅलिन एकत्र झालं. मॅडमनी टॉवेल सोडला. एक हात पिल्लाच्या मानेखाली, एक कमरेखाली. नंदूला पहिली आंघोळ घालताना नर्सनं मला असंच धरायला शिकवलं होतं.

“डोकं सांभाळा,” माझ्या तोंडून गेलं.

मॅडम हसल्या नाहीत. “सांभाळलंय,” म्हणाल्या, आणि ते हळूहळू आत सोडलं.

त्या आठवड्यात रोज सकाळी आमच्या दारात त्यांची स्कूटी थांबायची. पायांमध्ये पाण्याचे दोन कॅन, त्यांच्या घरून भरलेले. सासूबाईंनी पहिल्या दिवशी नुसते कॅन उचलून आत नेले. दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, “बाई, येताच हाव तर च्या तरी घ्या.”

नव्या पेटीची मंजुरी अजून आलेली नाही. ड्रम म्युझियमच्या मधोमध उभा आहे, झाकणाच्या जागी काच आणि शेजारी स्टूल. शाळेची पोरं स्टुलावर चढून आत बघतात, खाली उतरून नाव वाचतात आणि कुजबुजतात, “राजनंदिनी झोपलीय.”

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी नंदूला उचलून तडक घरी आणलं. दुसऱ्या दिवशी ते नाव पुसायला मी फडका घेऊन गेले. मॅडमना काही सांगावं लागलं नाही.

“रॉकेल लागेल त्याला. मावशी देतील,” त्या म्हणाल्या. मग ड्रमच्या काचेवर हात ठेवून, “पिल्लाला नाव नव्हतंच कधी. नुसता नंबर होता.” आणि आपल्या बरण्यांकडं वळल्या.

नंदू माझा पदर ओढत होती. मी फडक्यानं नावावरची नुसती धूळ पुसली आणि तिला स्टुलावर उभं केलं. तिनं काचेला नाक लावलं. मी मागून तिला घट्ट धरलं.