एक पायरी खाली

छत्रीसाहेबांनी लाल पेन उचललं आणि आपल्याच मसुद्यातली खालची चार वाक्यं एका दमात खोडली. वर उरलं ते एवढंच: बुधवारपर्यंत हवा कोरडी, आकाश निरभ्र. गुरुवारी दुपारनंतर खिंडीत जोरदार बर्फवृष्टी. रस्ता वाहतुकीस योग्य नाही.

उन्हाळ्याच्या तोंडावर डोंगरी भागासाठी निघणारा हा अंदाज म्हणजे त्या छोट्या हवामान कचेरीचं वर्षातलं सगळ्यात मोठं काम. हिवाळाभर बर्फाने बुजलेली खिंड याच अंदाजाच्या भरवशावर उघडायची. वरच्या गावात अडकलेली माणसं आणि खाली अडकलेलं सामान, दोन्हींचे मालक रेडिओला कान लावून बसत. यंदा साहेबांच्या घरचेही बसले होते. त्यांची एकुलती एक लेक लग्नानंतर वरच्या गावात राहत होती, तिथल्या शाळेत शिकवत होती. तिला आठवा महिना सरत आला होता. वर दवाखाना म्हणजे एक खोली आणि एक नर्स. नर्स चांगली होती, पण खोली ती खोलीच. खिंड उघडली की लेकीने खाली यायचं आणि मोठ्या दवाखान्यात नाव घालायचं, असं ठरलं होतं. साहेबांच्या बायकोने पुढची खोली रिकामी करून ठेवली होती.

म्हणूनच साहेब स्वतःवर नजर ठेवून होते. मागच्या वर्षी मुख्य कचेरीने एक शेरा मारला होता: आपले अंदाज गरजेपेक्षा काळे असतात. शेरा झोंबला, कारण तो खरा होता. यंदा त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं की नकाशा सांगेल तेवढंच लिहायचं, चिमूटभर जास्त नाही की कमी नाही. अडचण अशी होती की रस्त्यावरचा बर्फ काढायला बुधवारची संध्याकाळ होणार होती, खिंड ओलांडायला पुढे अख्खा दिवस लागायचा आणि नकाशा गुरुवारचं बोलत होता. लेक येणार नाही, हे सही करतानाच त्यांना कळत होतं. वाईट वाटलं, फार वाटलं. तरी त्यांनी सही केली आणि कागद रेडिओकडे धाडून दिला. घरी त्यांनी विषय काढला नाही. बायकोनेही काढला नाही, ती पडदे धूत होती.

गुरुवारची सकाळ घासलेल्या ताटासारखी लख्ख उजाडली. रस्त्याचा मुकादम, म्हणजे खिंडीतला बर्फ काढणाऱ्या टोळीचा मुख्य, दारातूनच चहा मागत आत आला. चहा हातात पडल्यावर त्याने खुर्ची ओढली.

"तोंड गोड करा, साहेब. वरचं फाटक उघडायला सांगून आलोय. पहिल्या गाडीत तुमची लेकच आहे."

साहेबांच्या हातातली पट्टी टेबलावर पडली.

"कोणी सांगितलं उघडायला?"

"तुम्हीच की. अंदाज तुमचाच ना?"

"रस्ता योग्य नाही असं स्वच्छ लिहिलंय मी!"

मुकादम हसला. लहान मुलाचं गुपित आपल्याला ठाऊक असावं आणि ते फोडायची वेळ यावी, तसा.

"रागावू नका. आता आजोबा व्हायला निघालात, तर सांगूनच टाकतो. लेक वर राहायला गेल्यापासून तुमचा अंदाज आम्ही एक पायरी खाली उतरवून वाचतो. जोरदार म्हणजे हलका. हलका म्हणजे शिंतोडे. आणि तुम्ही शिंतोडे म्हणालात की आम्ही खुशाल कपडे वाळत घालतो."

"आम्ही म्हणजे कोण?"

"सगळेच. गाडीवाले, दुकानदार, वरची शाळा. तुम्हाला काय वाटलं, छत्रीसाहेब हे नाव तुमच्या छत्रीवरून पडलंय?"

साहेबांना इतकी वर्षं तसंच वाटत होतं.

"पण एकदाही फसलो नाही बघा," मुकादम कौतुकाने म्हणाला.

लेकीची जी काळजी आपण अंदाजात झाकली असं समजत होतो, ती खोऱ्यातलं शेंबडं पोरही ओळखून होतं. साहेबांना शरम वाटली, रागही आला, पण दोन्हींसाठी सवड नव्हती.

"यंदा उतरवायचं नव्हतं," ते म्हणाले. "यंदा मी आहे तेच लिहिलंय. दुपारी बर्फ कोसळणार आहे."

मुकादमाचा कप ओठाशीच थांबला. त्याने खिडकीतून निळ्या आभाळाकडे पाहिलं, मग साहेबांच्या तोंडाकडे पाहिलं. तोंड पाहून तो उठला आणि फोन त्यांच्यापुढे सरकवला.

वरच्या फाटकावरच्या राखणदाराने बराच वेळ फोन उचलला नाही. उचलला तेव्हा त्याच्यामागे हॉर्न आणि आरडाओरडा ऐकू येत होता.

"अहो, इथे तमाशा मांडलाय तुमच्या लेकीने, शाळेच्या बाईंनी! फाटकात गाडी आडवी लावलीय. स्वतः जात नाहीत आणि मागच्यांनाही जाऊ देत नाहीत. नवरा समजावतोय, गाडीवाले शिव्या घालतायत. आभाळ बघा की, ढगाचा ठिपकाही नाही..."

"तिला द्या फोन."

"बाबा?" तिला धाप लागली होती.

"तू थांबलीस कशी?"

"गाडीत रेडिओवर अंदाज लागला होता. सगळे म्हणाले, एक पायरी खाली. मीही म्हणाले. मग वाटेत वाटलं, यात काहीतरी राहिलंय. दरवर्षी शेवटी असतं ना, लोकरीचे मोजे घाला, निसरड्यावरून जपून चाला, गरोदर बायकांनी अमुक करा, तमुक करू नका. मी गरोदर नव्हते तेव्हासुद्धा असायचं. यंदा आहे, तर एक अक्षर नाही. म्हटलं, आज बाबा माझ्याशी बोलतच नाहीयेत. म्हणजे हे खरं असणार."

साहेबांनी मुकादमाकडे पाठ केली.

"खिंड किती दिवस बंद राहील?" तिने विचारलं.

"महिना तरी."

"म्हणजे बाळ इथेच."

"हो."

मागचे हॉर्न थांबले होते. बहुधा तिकडे सगळेच ऐकत उभे होते.

"नर्सताई चांगल्या आहेत, बाबा," ती समजूत घालत म्हणाली. मग तिचा आवाज खाली आला. "आईला मात्र तुम्ही सांगा. मला नाही जमणार."

मुकादमाने राखणदाराशी दोन शब्द बोलून फाटक बंद करायला सांगितलं आणि तो चहा तसाच टाकून निघून गेला. साहेबांनी घरचा नंबर फिरवला. पहिल्याच घंटीला बायकोने फोन उचलला.

"निघाली ना?"

"नाही. ती यायची नाही. दुपारी मोठा बर्फ पडणार आहे. महिनाभर खिंड उघडायची नाही."

पलीकडे ती हसली, अगदी मायेने.

"तुमचं आपलं नेहमीचंच, अहो. संध्याकाळपर्यंत येते की नाही बघा. मी पाणी तापत ठेवते," ती म्हणाली आणि तिने फोन ठेवून दिला.