चुकलेला शुक्रवार

आफताब शेखची गाडी तेरा वर्षांची होती. नऊ माणसं बसतील अशी लांब, पिवळ्या नंबरप्लेटची, आणि मधल्या सीटवर कायम एक गोधडी आणि दोन उशा. लग्नाकार्याचं, देवदर्शनाचं भाडं तो घ्यायचाच. पण मंगळवार आणि शुक्रवार हे दोन दिवस त्याने चार वर्षांत कुणाला दिले नव्हते. त्या दिवशी सकाळी साडेपाचला तो कळंबमधून रामहरी तात्यांना घ्यायचा, वाटेत सणसरला द्वारकाबाईंना, आणि दोघांना बारामतीला डायलिसिससाठी सोडायचा. चार तास ती दोघं मशीनला असायची, तेवढा वेळ तो दवाखान्याच्या पार्किंगमध्ये थांबायचा. परतताना त्यांच्यात बसायचंही त्राण नसायचं. गोधडी त्यासाठी होती.

रामहरी तात्या अडुसष्ट वर्षांचे होते. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर त्यांची नोकरी झाली होती. बायको वारलेली, मुलगा दिग्विजय पुण्याला कंपनीत. तात्या एकटेच राहायचे, भाकरी स्वतः थापायचे आणि दिवसाचं पाणी एका तांब्यात मोजून ठेवायचे, कारण डॉक्टरांनी तेवढंच सांगितलं होतं. कुणाचे उपकार घेणं त्यांना जमत नसे. आफताबच्या गाडीतून उतरताना त्याने हात पुढे केला, तर ते आधी दाराला धरायचे आणि मग नाइलाज झाल्यासारखे त्याच्या हाताला.

दिवाळीपासून गाडीच्या मागच्या बाजूला आवाज येत होता. स्पीडब्रेकरवरून गेलं की डावीकडे खालून कट् असं वाजायचं. रबराचं बूश गेलं असेल, असं आफताबने मनाशी धरलं होतं. गाडी गॅरेजला लावली की दोन दिवस जाणार. मंगळवार-शुक्रवार सोडून बाकीचे दिवस होतेच, पण लगीनसराई सुरू झाली होती आणि प्रत्येक दिवसाला काही ना काही भाडं होतं. पासिंग फेब्रुवारीत आहे, तेव्हा एकदमच सगळं करू, असं तो सबिनाला, म्हणजे त्याच्या बायकोला, म्हणत राहिला.

पासिंगचा दिवस बुधवारी आला. बारामतीच्या आरटीओतला इन्स्पेक्टर वयाने तरुण होता, बोलायला शांत. त्याने ब्रेक तपासले, हँडब्रेक ओढून गाडी चढावर उभी केली, ती हळूहळू मागे सरकली तेव्हा कागदावर खूण केली. मग तो बॅटरी घेऊन गाडीखाली शिरला आणि छोट्या हातोडीने ठोकत ठोकत मागे गेला. एका जागी आवाज बदलला. त्याने आफताबला खाली बोलावलं.

मागच्या चाकाचे पाटे जिथे गाडीच्या सांगाड्याला अडकवलेले असतात, तिथलं लोखंड गंजून फाटलं होतं. वरून काळा रंग होता म्हणून दिसत नव्हतं. इन्स्पेक्टरने बोट घातलं, ते दुसऱ्या पेरापर्यंत आत गेलं.

"हा पाटा सुटला तर मागचं चाक जागेवर राहणार नाही," तो म्हणाला. "माणसं नेता ना तुम्ही यातून?"

आफताबने मान डोलावली. कोणती माणसं, ते त्याने सांगितलं नाही. गाडी फेल झाली. जुन्या पासिंगची मुदत रविवारपर्यंत होती, म्हणजे कागदावर अजून चार दिवस ती रस्त्यावर चालू शकत होती. पण दुरुस्ती होईपर्यंत हिच्यात कुणाला बसवू नका, असं इन्स्पेक्टरने दोनदा सांगितलं.

तिथून आफताबने गाडी वीसच्या वेगाने एमआयडीसीच्या रस्त्याला झुंबर मिस्त्रीच्या गॅरेजवर नेली. झुंबरने ती वर चढवली, मागची चाकं काढली आणि एकेक जागा तपासली. मग त्याने सांगितलं की डावीकडचं गेलंय, उजवीकडचंही वर्षभरात जाईल, ब्रेकचे पाइप गंजलेत, ड्रमवर चर पडलेत. ज्या कंपनीची गाडी, तिने इकडचा कारखाना कधीच बंद केलेला, त्यामुळे पाट्यांचा हँगर, म्हणजे पाटा सांगाड्याला धरून ठेवणारा लोखंडी भाग, नवा मिळणार नव्हता. पुण्याच्या जुन्या बाजारातून शोधून आणावा लागणार होता. आठवडा तरी लागेल, असं तो म्हणाला.

"परवा शुक्रवार हाय, झुंबरभाऊ," आफताब म्हणाला. "पेशंट हायत माजे. नुसता वेल्डिंगचा एक टाका मारून एवढी एक खेप न्हाय व्हायची?"

झुंबर चाळीस वर्षं हेच काम करत होता. अशा खेपा त्याने अनेकांना करून दिल्या असतील. त्याने फाटलेल्या जागेवर बॅटरी मारली आणि ती तशीच धरून ठेवली.

"टाका मारायला धड लोखंड लागतं," तो म्हणाला. "हितं कुठंय? सीझन चालू हाय, समोरनं उसाच्या डबल ट्रॉल्या येत्यात. तुला न्यायची तर ने, चाकं बसवून देतो. पण मी न्हाय म्हनलो हुतो, एवढं ध्यानात ठेव."

आफताबने किल्ली तिथेच ठेवली आणि एसटीने घरी गेला.

गुरुवारी दिवसभर तो दुसरी गाडी शोधत होता. त्याचा मावसभाऊ आरिफ याच्याकडे गाडी होती, पण ती वऱ्हाड घेऊन सोलापूरकडे गेली होती. आणखी दोघा-तिघांना विचारलं. सगळ्यांच्या गाड्या लग्नात. द्वारकाबाईंच्या नवऱ्याने सांगितलं की सणसरवरून एसटी मिळते, तेवढं आम्ही बघू. परतताना मात्र बाईंचे हाल होणार, हे दोघांनाही ठाऊक होतं.

मग त्याने तात्यांना फोन केला. गाडी फेल झाल्याचं, काय फाटलंय ते, सगळं सांगितलं आणि म्हणाला की उद्या मोटारसायकलवर नेतो, येताना एखादी रिक्षा बघू. तात्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. आपला एक पुतण्या इंदापुरात असतो, त्याला गाडी घेऊन बोलावलंय, शुक्रवारी आणि पुढच्या मंगळवारी तोच नेईल, तू नीट काम करून घे, घाई करू नको, असं ते म्हणाले.

चार वर्षांत तात्यांच्या तोंडून कुठल्या पुतण्याचं नाव निघालं नव्हतं. आफताबच्या ते लक्षात आलं. पण फोन ठेवल्यावर त्याच्या अंगावरचं ओझं उतरलं होतं, आणि उतरलेलं ओझं उलटं करून बघावं असं त्याला वाटलं नाही. पुढे हीच गोष्ट त्याला सगळ्यात जास्त छळत राहिली.

शुक्रवारी द्वारकाबाई एसटीने गेल्या. उशीर झाल्यामुळे त्यांना दुपारच्या पाळीत मशीन मिळालं. तात्या सकाळीच उरकून गेले असतील, असं त्यांनी धरलं. दवाखान्यातून तात्यांना फोन गेला होता, तेव्हा ते म्हणाले की गावाला आलोय, दोन दिवसांत येतो.

शनिवारी हँगर मिळाले. रविवारी आणि सोमवारी आफताब बारामतीला जाऊन झुंबरच्या हाताखाली राबला. सांगाड्याचा सडलेला भाग कापून काढला, जाड पत्र्याची जोड तयार केली, ड्रम लेथवर दिले. कापताना डावीकडचा जुना हँगर झुंबरच्या हातात आपसूक आला. त्याने तो आफताबच्या समोर टाकला. मातीच्या ढेकळासारखे त्याचे दोन तुकडे झाले. शुक्रवारी गाडी काढली नाही हे बरं झालं, असं आफताबला त्या क्षणी अगदी मनापासून वाटलं.

मंगळवारी दुपारी दोनला द्वारकाबाईंचा फोन आला. त्या अजून दवाखान्यातच होत्या.

"आफताब, तात्या कुठं हायत रं?" त्यांनी विचारलं. "सिस्टर मला इचारतीया. आज बी न्हाय आले, आन् शुक्रवारी बी आले न्हवते म्हनं."

आफताबने तात्यांना फोन लावला. कुणी उचलला नाही. पुन्हा लावला. त्या दिवशी गॅरेजवर वेल्डिंगवाला दुपारनंतर यायचा होता म्हणून तो उशिरा निघणार होता आणि अजून घरीच होता. गॅरेजला न्यायची पिशवी खांद्याला होतीच, चप्पल घालायच्या आधीच त्याने मोटारसायकल काढली. तात्यांचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला, पाच मिनिटांवर होतं.

दार नुसतं लोटलेलं होतं. तात्या कॉटवर बसून होते, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकलेले, तोंड उघडं. छातीतून पाण्यात बुडबुडे यावेत तसा आवाज येत होता. पाय गुडघ्यापर्यंत सुजून तुकतुकीत झाले होते. आफताबने त्यांना आडवं करायचा प्रयत्न केला तर ते गुदमरले आणि त्याचा हात घट्ट धरून पुन्हा उठून बसले. सात दिवसांचं पाणी अंगात साचलं होतं.

त्याने ॲम्ब्युलन्सला फोन केला. पाऊण तास लागेल असं कळलं. तो रस्त्यावर धावला. समोरून दुधाचे कॅन घेऊन निघालेला एक पिकअप आला, तो त्याने हात आडवे करून थांबवला. पिकअपवाल्याने कॅन तिथेच कडेला उतरवले. दोघांनी तात्यांना उचलून पुढे बसवलं. आफताब त्यांच्या शेजारी दाराला टेकून बसला आणि बारामतीपर्यंत त्याने त्यांना खांद्याशी ताठ धरून ठेवलं. जंक्शनच्या पुढे उसाच्या ट्रॅक्टरांची रांग होती. पिकअपवाला हॉर्नवरचा हात काढत नव्हता. सणसरच्या जवळ तात्यांची मान एकदा पुढे पडली, तेव्हा आफताबने त्यांच्या गालावर चापट्या मारल्या आणि लहान पोराला रागवावं तसा तो त्यांना रागवला. आपण काय बोललो, ते त्याला नंतर आठवेना.

दवाखान्यात त्यांना थेट आत नेलं. तोंडावर श्वासाच्या मशीनची नळी लावली आणि लगेच डायलिसिस सुरू केलं. संध्याकाळी डॉक्टर म्हणाले की जीव वाचलाय, पण हृदयावर मोठा ताण आलाय, आता पहिल्यासारखं राहणार नाही.

आफताबने फोनवर गाडी फेल झाल्याचं, मुदतीचं आणि पुतण्याचं सांगितलं होतं; दिग्विजय आठच्या सुमारास पुण्याहून पोचला. तो तिशीतला, शर्टावर अजून कंपनीचं ओळखपत्र लटकलेलं. आत जाऊन वडिलांना पाहून आला आणि आफताबसमोर उभा राहिला. इंदापुरात आपला कुणी चुलतभाऊ नाही, हे त्याने आधी सांगितलं. मग विचारलं की पासिंगची मुदत रविवारपर्यंत होती ना?

"व्हय, हुती," आफताब म्हणाला.

"मग एका शुक्रवारसाठी न्यायला काय झालं असतं? हळू चालवली असती. चार वर्षं त्याच गाडीतून जात होते की."

आफताबच्या पिशवीत त्या हँगरचे दोन तुकडे होते. दुसऱ्या बाजूसाठी मापाला लागतील, भंगारात हरवू नयेत म्हणून त्याने ते सोमवारी घरी आणले होते आणि मंगळवारी सकाळी परत न्यायला पिशवीत टाकले होते. ते काढून दाखवावेत असं त्याच्या मनात आलं. हे बघ, असं म्हणावं. पण ज्याचा बाप आत नळीवर आहे, त्याच्यापुढे गंजलेलं लोखंड धरून आपली बाजू मांडायची, हे त्याच्याने होईना. शिवाय दिवाळीपासून तो आवाज ऐकत होता, हेही खरं होतं. तेव्हाच गाडी वर चढवली असती, तर मधल्या दोन दिवसांत काम झालं असतं आणि कुणाची खेप चुकली नसती. दिग्विजयला हे माहीत नव्हतं. आफताबला माहीत होतं.

"चुकलं माजं," एवढंच तो म्हणाला. दिग्विजयने मान वळवली.

पाचव्या दिवशी तात्यांना आयसीयूतून बाहेर आणलं आणि तिथून दिग्विजय त्यांना सरळ पुण्याला घेऊन गेला. कळंबच्या घराला कुलूप लागलं. गाडीचं काम त्या आठवड्यात संपलं आणि पुढच्या बुधवारी ती पास झाली. तोच इन्स्पेक्टर होता. त्याने नव्या जोडावर हातोडी मारून पाहिली, चांगलं काम झालंय म्हणाला आणि सही केली. आफताबने कागद घेतला, घडी घातली आणि खिशात ठेवला. इतर वर्षी तो येताना सबिनासाठी भेळ घ्यायचा. या वेळी घेतली नाही.

शुक्रवारपासून तो पुन्हा जाऊ लागला, एकट्या द्वारकाबाईंना घेऊन. पहिल्याच दिवशी त्याने दवाखान्यातल्या सिस्टरला आपला नंबर दिला आणि विनंती केली की माझ्या माणसांपैकी कुणी आलं नाही तर मला त्याच घटकेला कळवा. द्वारकाबाई मागच्या सीटवर बसून तात्यांबद्दल विचारायच्या. त्याला काही ठाऊक नसायचं. दिग्विजय फोन उचलत नव्हता.

महिन्याने, एका रविवारी सकाळी, तात्यांचाच फोन आला. आवाज बारीक झाला होता, दोन वाक्यांनंतर थांबावं लागत होतं. पुण्यात सगळी सोय आहे, घराजवळच मशीन आहे, सून चांगलं बघते, असं त्यांनी सांगितलं. कळंबला आता येणं होईल असं वाटत नाही, हेही सांगितलं. मग आफताबने विचारलं, जे त्याला इतके दिवस विचारायचं होतं.

"तात्या, पुतण्याचं खोटं का सांगितलं मला?"

तात्या धापा टाकत बोलले.

"दोन-चार दिस निभंल वाटलं मला. आन् खरं सांगितलं असतं, गाडी न्हाय, माणूस न्हाय, मोटारसायकलवर बसायचं अंगात बळ न्हाय, तर तू ती तसलीच गाडी काढली असतीस. द्वारकाबाई बी बसली असती. तू बी." तात्या थांबले. "दिगूला मी सांगितलंय. त्यो अजून रागात हाय. हुईल शांत."

फोन झाल्यावर आफताब ओट्यावर बसून राहिला. सबिना चहा घेऊन बाहेर आली, तात्या काय म्हणाले ते तिने विचारलं, आणि त्याने शब्दाला शब्द सांगितलं. ती त्याच्या शेजारी बसली. मग तिने विचारलं की त्यांनी खरं सांगितलं असतं, तर तुमी खरंच गाडी काढली असती का?

आफताबला झुंबरच्या गॅरेजमधली ती बुधवारची दुपार आठवली. एक टाका मारून द्या, असं तो म्हणाला होता. झुंबर नाही म्हणाला नसता तर? आणि झुंबर नाही म्हणाल्यावरही तात्यांचा रडवेला आवाज कानावर पडला असता तर?

"ठाऊक न्हाय," तो म्हणाला. "काढलीच असती बहुतेक."

चहा निवत होता, तो सबिनाने त्याच्या हातात दिला.