बंद खोलीतली बॅटरी

दिग्रसमध्ये बॅटरी चार्ज करायची म्हणजे निजामुद्दीनकडेच. माणूस इतका जपणारा, की चार्जिंग नेहमी उघड्या ओसरीवर करी आणि तिथे कुणाला विडीसुद्धा ओढू देत नसे. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो, तो ठिणगीने पेटतो, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. आणि तरीही! म्हणूनच मला अजून राग येतो; कुणावर, ते कळत नाही.

एकसष्ट साली त्याच्या एकुलत्या एक लेकीचं, गुलनारचं लग्न निघालं. मांडवातल्या लाउडस्पीकरची बॅटरी ऐन सकाळी उतरली. ओसरीसमोर जेवणाच्या मोठ्या देगा चुलींवर चढलेल्या, चुलीच्या ठिणग्या उडत होत्या. त्या आगीला भिऊनच निजामुद्दीनने बॅटरी मागच्या खोलीत चार्जिंगला लावली. मागच्या अंगणात पाहुण्या बायका बसल्या होत्या, म्हणून त्यांच्या पडद्यासाठी त्याने खिडकीही लावून घेतली.

दुपारी त्याची बायको जैबुनबी दारातून म्हणाली, "आता राहू द्या न जी. बरात येऊन राह्यली."

"झालंच. फक्त चिनगी पाहून घेतो."

बॅटरी भरली का, हे तो दोन्ही टोकांना तार टेकवून, ठिणगी पाहून ठरवी. तिथले सगळे मिस्त्री तसंच करत; उघड्या ओसरीवर वायू वाऱ्याने उडून जाई, म्हणून कधी काही झालं नव्हतं. त्या दिवशी ठिणगी उडेना. शिशाच्या टोकांवर पांढरी खपली चढली होती, तिने वीज अडवली होती. तेवढ्यावर सोडलं असतं तर! पण हा पडला चोख माणूस. त्याने खपली खरवडून शिसं लख्ख केलं आणि तार पुन्हा टेकवली.

कोंडलेला वायू भडकला. बॅटरी फुटली आणि आतलं ॲसिड थेट त्याच्या डोळ्यांत गेलं.

"निकाह थांबवू नोका!" उचलून नेताना तो एवढंच ओरडत होता. निकाह झाला. तसा निकाह वैऱ्याच्याही घरी होऊ नये.

डोळे वाचतील का, ते पट्टी सुटल्यावरच कळणार होतं. पट्टी सुटायच्या दिवशी गुलनार सासरहून यवतमाळच्या दवाखान्यात आली, ती निकाहाचा लाल पोशाख घालून. बापाने तिला त्यात पाहिलंच नव्हतं. ती खाटेच्या उजवीकडे उभी राहिली.

पट्टी सुटली. "गुलनार आली," जैबुनबी म्हणाली.

निजामुद्दीनने पापण्या उघडल्या आणि डावीकडे तोंड करून तो हसला. "बेटा, किती सुंदर दिसून राह्यली तू!"

तिकडे नुसती भिंत होती. जैबुनबीने तोंडात पदर कोंबला. गुलनारने हातातल्या बांगड्या वाजू नयेत म्हणून घट्ट धरल्या, खाटेला वळसा घातला आणि त्या भिंतीपाशी जाऊन उभी राहिली.

"हो, अब्बा," ती म्हणाली.