शेरेबाईची मुलाखत

तक्रार करायला तुम्ही कुठे फोन लावलात की आधी एक यांत्रिक आवाज सांगतो, हे संभाषण गुणवत्तेसाठी ऐकलं जाऊ शकतं. तुम्हाला वाटतं, कोण बसलंय ऐकायला! मी बसले होते.

वॉशिंग मशीन, फ्रिज, गिझर. लोक चिडून फोन करायचे, आमची मुलंमुली उत्तरं द्यायची, आणि मी दोघांनाही न कळता मध्ये बसून ऐकायचे. कॉल उघडला की पहिलं काम म्यूट. माझा खोकला, चहाचा घोट, खुर्चीची कुरकुर, काहीही पलीकडे जाता कामा नये. मग गुण द्यायचे. अभिवादन केलं का, ऐकून घेतलं का, मध्ये तोडलं का, समोरचा गप्प झाला तर काय केलं, निरोप नीट घेतला का. शेवटी एका ओळीचा शेरा. त्यावरून माझं नाव पडलं शेरेबाई. पाठीमागे म्हणायचे. पण पाठीमागचं ऐकायचाच तर मला पगार होता.

मग कंपनीनं ते काम दुसऱ्या कुणाला तरी दिलं आणि आम्हाला निरोपाचा केक दिला.

सवय तेवढी राहिली. घरातलं बोलणंही मला कॉलसारखं ऐकू येतं. तसंच उतरवते आहे.

घरगुती कॉल. जेवणाचं टेबल. नवरा आणि मी.

"साहेबांनी आज परत विचारलं."

"मग तुम्ही काय—"

"म्हटलं शुक्रवारी सांगतो. आता शुक्रवारपर्यंत तुझं काही झालं तर ठीक."

"एका ठिकाणाहून उत्तर यायचं—"

"अगं, येईल गं, पण कधी?"

त्यांना बदलीवर पाठवताहेत. दुसरं शहर, रात्रभराचा प्रवास, तिथे आपलं म्हणावं असं कुणी नाही. नाही म्हटलं तर पुढच्या कपातीत पहिलं नाव त्यांचं, हे सगळ्या ऑफिसला ठाऊक आहे. घरात माझा पगार येत असता तर छाती काढून नाही म्हणाले असते. लेकीचं शाळेचं शेवटचं वर्ष आहे. ती हट्टी नाही. आजवर तिनं आमच्याकडे धड मागितलेली गोष्ट एकच: मला याच शाळेतून पास होऊ द्या, मग कुठेही न्या.

हे ती टेबलावर म्हणत नाही. टेबलावर ती भाताच्या कडेकडेनं चमचा फिरवते.

शेरा: नवरा मध्ये तोडतो. वाईट हेतूनं नाही. माझं वाक्य पूर्ण झालं तर त्यात काय असेल याची त्याला भीती वाटते.

कॉल नाही. नणंद, माझा लॅपटॉप, आणि ती साइट.

नणंद विमा विकते. नोकरीधंद्याच्या त्या साइटवर तिच्या हजारो ओळखी आहेत, आणि त्यातल्या बहुतेकांचा आवाज तिनं कधी ऐकलेला नाही. माझं खातं तिनंच उघडून दिलं.

"वहिनी, फोटोत हसा. एवढं नाही. विमा विकताय असं वाटतंय."

"तू विकतेस ना?"

"म्हणून तर ओळखलं. आता नावाखाली काय टाकू? नोकरी शोधतेय असं लिहायचं नसतं हं. 'नव्या संधींसाठी उत्सुक' असं लिहायचं."

"मी उत्सुक नाहीये गं. दमलेय."

"सगळेच दमलेत. म्हणून तर उत्सुक लिहितात. बरं, कौशल्यं सांगा."

"ऐकते."

"ऐकणं कोण विकत घेतं, वहिनी? 'संवादकौशल्य' टाकते."

"अगं, पण मी कामावर कधी तोंडच उघडलं नाही."

"मुलाखतीत सांगू नका म्हणजे झालं."

तिनं टाकलं. मी रोज सकाळी भांडी विसळून झाली की त्या साइटवर जाऊन बसू लागले. तिथे सगळे आनंदात. कुणाला नवी खुर्ची मिळाल्याचा आनंद, कुणाला जुनी सुटल्याचा. माझ्याबरोबर केक खाल्लेली एकजण लिहीत होती की हा प्रवास किती समृद्ध करणारा होता. केक खाताना तिला रडू आवरत नव्हतं, पेपर नॅपकिन मीच दिला होता. मी तिच्या त्या मजकुरावर अंगठा उमटवला. दुसरं काय उमटवणार?

अर्ज करायचे. "आपण दाखवलेल्या रसाबद्दल आभार." परत अर्ज. "आपली माहिती आम्ही जपून ठेवू." जपून ठेवण्यात या लोकांचा हात कुणी धरू शकणार नाही. माझी माहिती इतक्या ठिकाणी जपून ठेवली आहे की मी हरवले तर सापडायला अडचण नको.

शेरा: आवाज नाही, श्वास नाही. गुण देता येत नाहीत.

सार्वजनिक ठिकाणी घडलेला प्रकार

एका मोठ्या कंपनीनं जाहिरात टाकली. कॉल तपासणारी माणसं हवीत, अनुभव हवा. मी रीतसर अर्ज केला. नणंदेनं त्या जाहिरातीखाली, जिथे जगातली सगळी शहाणी माणसं 'रस आहे' एवढंच लिहून थांबली होती, तिथे लिहिलं:

"आमच्या वहिनींना घ्या. कुणाच्या अध्यात ना मध्यात. स्वभावानं अतिशय शांत. घरात असून कळत नाही."

त्याखाली माझ्या नवऱ्यानं: "सहमत."

त्याखाली माझ्या लेकीनं लाल बदाम.

मी भर दुपारी लॅपटॉप मिटून त्यावर टॉवेल टाकला. जणू झाकलं तर लोकांना दिसणार नाही.

"अगं, हे काय कौटुंबिक ग्रुप आहे का?" मी नणंदेला फोनवर म्हटलं.

"वहिनी, सगळे सारखंच लिहितात. लक्षात कोण राहतं? तुम्ही राहणार."

"घरात असून कळत नाही, हे कौतुक आहे?"

"मग? माझ्या सासूबाई घरात नसल्या तरी कळतात."

पण तिचं खरं ठरलं. त्या कंपनीत माणसं निवडणाऱ्याचा निरोप आला. "शांत माणसंच हवी आहेत. गुरुवारी दुपारी बोलूया का?"

नवऱ्यानं तो निरोप दोनदा वाचला. लेकीनं आपली खोली मोकळी करून दिली, कारण कॅमेऱ्यात मागे दिसणारी भिंत तिच्याच खोलीत स्वच्छ होती. तिचं अभ्यासाचं वेळापत्रक तिथे चिकटवलेलं होतं, तेही काढलं. "नोकरी लागली की परत लावीन," म्हणाली. लगेच जीभ चावली. "नाही लागली तरी लावीन."

मुलाखत. गुरुवार.

लॅपटॉप लेकीच्या पाठ्यपुस्तकांच्या चळतीवर. वर चांगला शर्ट, खाली घरातली पँट. कानाला कंपनीचाच जुना हेडफोन, जाताना परत घ्यायला ते विसरले होते. प्रश्न टिपून घ्यायला पेन्सिल आणि कागद.

नेट अडखळत होतं. मुलाखत घेणाऱ्यानंच लिहिलं, कॅमेरा बंद राहू द्या, नुसतं बोलूया. मला हायसं वाटलं. कॉल जोडला गेला.

"नमस्कार. आवाज येतोय ना माझा?"

चांगला आवाज. चाळिशीचा असावा. सकाळपासून बोलून बोलून घसा थोडा बसलेला, पण त्याचा राग समोरच्यावर काढत नव्हता. अभिवादन: पूर्ण गुण.

"तुमच्या वहिनी... म्हणजे तुमच्या नणंदबाईंनी लिहिलेलं वाचून आम्ही सगळे हसलो. चांगल्या अर्थानं हं. तर, आधी तुमच्या कामाबद्दल सांगाल?"

चूक झाली, लगेच सुधारली. वातावरण सैल केलं. पूर्ण गुण.

"...हॅलो?"

समोरून उत्तर नाही.

"बहुतेक तुमचा आवाज पोचत नाहीये. काही हरकत नाही. मी थांबतो, घाई नाही."

आणि तो खरंच थांबला. ही गोष्ट माझ्या सगळ्या नोकरीत क्वचित घडली असेल. समोरचा गप्प झाला की लोक घाबरतात. हॅलोवर हॅलो मारतात, नाहीतर फोन ठेवून देतात आणि नोंदवतात, ग्राहकानं कॉल तोडला. हा माणूस गप्प बसला. पाठीमागे कुठेतरी प्रिंटर चालू होता. मग म्हणाला:

"असं करू. तुम्हाला माझं ऐकू येत असेल तर वेळ फुकट नको जायला. मी कामाबद्दल सांगतो."

आणि सांगितलं. पाळ्या कशा असतात, जेवणाची सुट्टी कागदावर किती आणि खरी किती. काही लपवलं नाही. शेवटी म्हणाला, "चूक तुमच्याच बाजूची असेल असं नाही, आमचीही असू शकेल. मी कळवतो. दिवस चांगला जावो."

मी बेरीज केली, खाली रेघ मारली आणि शेरा लिहिला: 'न बोलणाऱ्या माणसालाही माणूस समजतो. नव्या मुलांना हा कॉल ऐकवावा.' पेन्सिल ठेवली आणि पुढचा कॉल उघडायला हात पुढे केला.

पुढचा कॉल नव्हता.

पडद्यावर मायक्रोफोनचं चित्र, त्यावर लाल तिरकी रेघ. ती मीच मारली होती, कॉल जोडला त्या क्षणी. बोट आपलं आपण गेलं होतं. कानात हेडफोन, हातात पेन्सिल, परक्या माणसाचा नमस्कार, एवढं जुळून आलं आणि मी जाऊन बसले माझ्या जुन्या खुर्चीत. तो जिच्यासाठी थांबला होता ती बाई मीच आहे, हे माझ्या डोक्यात आलंच नाही.

लेकीनं दार किलकिलं केलं. "झालं? काय म्हणाले?"

"मी त्याला पैकीच्या पैकी दिले."

"कुणी कुणाला?"

मी कागद दाखवला. ती आधी हसली, मग हसायचं थांबली. वेळापत्रक कुठे ठेवलंय ते शोधू लागली.

मी त्याला सगळं जसं घडलं तसं लिहून पाठवलं. गुणांसकट. त्यानं वाचल्याची खूण उमटली.

शुक्रवार. त्याचा फोन.

दुपारी, कपडे वाळत घालताना.

"मॅडम, मी कालचा."

"अहो, काल माझ्याकडून—"

मी थांबले. तो मध्ये बोलला नव्हता. माझी मीच वाक्य अर्धं सोडायला लागले होते.

"आधी वाईट बातमी सांगतो," तो म्हणाला. "ती जागा गेली. जागा म्हणजे, अख्खा विभाग. माझ्यासकट. आज सकाळी सगळ्यांना वरच्या मजल्यावर बोलावलं. केक होता."

"कुठला?"

"चॉकलेटचा."

"आमचा अननसाचा."

"बरा होता?"

"कोरडा."

तो हसला. मग म्हणाला, "काल रात्री तुमचा निरोप बायकोला वाचून दाखवला. म्हटलं, बघ, मला कुणीतरी पैकीच्या पैकी दिलेत." आणि गप्प झाला.

गप्प झालेल्या माणसाचं काय करायचं, याचे गुण मी आयुष्यभर दिले. करायची वेळ आजवर आली नव्हती. माझ्या हातात ओला शर्ट होता, त्याचं पाणी पायावर गळत होतं.

"मी थांबते," म्हटलं. "घाई नाही."

बऱ्याच वेळानं त्यानं घसा साफ केला. "एक मागू का? तुम्ही कागदावर जो शेरा लिहिलात ना, तो साइटवर शिफारस म्हणून लिहाल? इतकी वर्षं लोकांना घेत आलो. मला कुणी घ्यावं असं लिहिणारं कुणी सापडेना."

मी लिहिलं. कपडे बादलीतच ठेवले आणि आधी ते लिहिलं. नवा शब्द घातला नाही, होता तसाच शेरा. त्या साइटवर मी लिहिलेलं मनापासूनचं तेवढंच.

पाठोपाठ नणंदेचा फोन. "वहिनी! तुम्ही कुणाच्या शिफारशी करताय? तुम्हालाच नोकरी नाही!"

"त्यालाही नाही."

"मग हे म्हणजे..." ती शब्द शोधत राहिली. तिच्यासारखीला शब्द सापडेना, हे पहिल्यांदाच ऐकलं. शेवटी म्हणाली, "थांबा, मी बदाम टाकते."

घरगुती कॉल. संध्याकाळ.

नवरा घरी. बूट काढताना "झालं का—" म्हणाले आणि माझ्याकडे पाहून थांबले. मला सांगायचं होतं. विभाग बंद झाला, माणूस चांगला होता, म्यूटचं तर घरात कालच कळलं होतं. तोंड उघडेना. ते एक बूट हातात घेऊन तसेच बसून राहिले. एरवी आतापर्यंत चार वाक्यं माझ्या वाटची बोलून मोकळे झाले असते. मोरीतला नळ ठिबकत होता, तो दोघांनी ऐकला.

मग उठले, एका पायात बूट तसाच, आणि फोन घेऊन गॅलरीत गेले.

"हो साहेब. बदलीवर जातो म्हणून सांगायला... हो. तिघंही."

लेकीच्या खोलीचं दार उघडं होतं. ते बंद झालं. आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं झालं असतं.

मी दाराशी गेले. आतून काही आवाज नाही. कागद नाही, पेन्सिल नाही, माझे हात रिकामे. हळूच टकटक केली.

"हॅलो," म्हटलं. "माझा आवाज येतोय का?"

आत खुर्ची सरकली.

"येतोय," आतून ती म्हणाली. "पण मला आत्ता बोलायचं नाहीये."

"बरं," म्हटलं, आणि दाराला पाठ लावून तिथेच खाली बसले.