डावीकडे बघणारा पक्षी

तिने वस्तऱ्याचं पातं मुठीतून पूर्ण उघडलं, ठसा उठून दिसावा म्हणून पात्यामागच्या दांडीवर चिमूटभर राख चोळली आणि भिंग डोळ्याला लावलं. समोर मास्तर खुर्चीच्या अगदी कडेवर बसले होते. जन्मभर पोरांचे निकाल लावले, आज स्वतःचा ऐकायला आले होते.

"फ्रेंचच आहे ना, बाई?"

"पोलाद फ्रेंचच आहे. ठसा बघू द्या."

वय ठशावरूनच कळतं. या कारखान्याचा ठसा म्हणजे चोचीत काडी धरलेला पक्षी. कारखाना काढणाऱ्या बापाच्या काळात नुसता पक्षी. मुलाने कारभार हाती घेतला तेव्हा खाली तारा आला. इथे तारा नव्हता. म्हणजे अठराशे साठच्या आधीचा, सहसा न मिळणारा. महिन्यापूर्वी दादाने, तिच्या थोरल्या भावाने, तो याच दुकानातून मास्तरांना विकला होता. दादा विकायचा, ती वय सांगायची; वीस वर्षं दोघांचं असंच चाललं होतं. मास्तरांना आता फक्त तिच्या हातची चिठ्ठी हवी होती.

तिने भिंग फडक्याने पुसलं आणि पुन्हा लावलं.

पक्षी डावीकडे बघत होता.

खऱ्या ठशावर तो उजवीकडे बघतो. डावीकडे तो एकाच ठिकाणी बघायचा, तिच्या पहिल्या वहीत. नवशिकी असताना ती ठसा मेणावर दाबून घ्यायची आणि मेणावरून वहीत उतरवायची. मेणावर सगळं उलटं उमटतं, हे कळायला या बाईसाहेबांना अख्खं वर्ष लागलं. खजील होऊन ती वही जाळायला निघाली, तर दादाने हातातून काढून घेतली. "वेडी आहेस का गं? तुझी पहिली वही ही. मी जपून ठेवतो." त्या एका वाक्यावर ती कितीतरी दिवस खूष होती. पुढच्या वह्या त्याने कधी उघडल्याच नाहीत. तिचा शब्द त्याला पुरायचा.

दादा आतून हात पुशीत आला. बोटांची टोकं पिवळी पडली होती. पुन्हा विड्या ओढायला लागला असेल, अशी तिने इतके दिवस मनाची समजूत घातली होती. पोलादावर ठसा कोरायच्या तेजाबाचाही डाग असाच पडतो.

"काय गं, एवढा वेळ? मास्तर ताटकळलेत. साठच्या आधीचा, लिहून मोकळी हो."

"दादा, पक्ष्याचं तोंड कुठल्या बाजूला असतं रे?"

"डावीकडे. तूच तर काढलंयस." तो हसला. मग त्याने तिच्याकडे पाहिलं आणि हात पुसायचा थांबला.

तिने चिठ्ठी ओढली, दोन ओळी लिहिल्या, खाली सही केली. मास्तरांनी चष्मा सावरून मोठ्याने वाचलं.

"पोलाद जुनं. ठसा यंदाचा." त्यांनी मान वर केली. "यंदाचा? म्हणजे कुणी केलाय हा?"

दादा दाराबाहेरच्या रस्त्याकडे बघत होता. तिने पातं सावकाश मुठीत मिटवलं, धार कुठे टेकू न देता.

"घरचाच आहे," ती म्हणाली. "हात चांगला आहे हो त्याचा."