धुडकू मिस्तरीचा कान

जुनी स्प्रिंग नव्या स्प्रिंगच्या शेजारी उभी केली, तर ती अर्धं नखभर बुटकी निघाली – आणि धुडकू मिस्तरीला एवढं हायसं वाटलं की तो तिथल्या तिथे स्टुलावर बसला. बुटकी! म्हणजे थकलेली, बसलेली. म्हणजे डोळ्यांना दिसणारी, बोटांना कळणारी, कानाची काडीइतकी गरज नसलेली खोट... कारण स्प्रिंगा गेल्यात हे सकाळी त्याने ऐकून सांगितलंच नव्हतं. अंदाजाने ठोकून दिलं होतं.

सकाळी कामिनी मॅडम आल्या होत्या – प्रकाशा गावच्या, वर डोंगरातल्या आश्रमशाळेत विज्ञान शिकवणाऱ्या, वडिलांची जुनी पेट्रोल गाडी स्वतः चालवत घाट चढणाऱ्या. तोंडाला डोळ्यांपर्यंत ओढणी बांधलेली. त्या ओढणीमागे काहीतरी हललं, थांबलं, पुन्हा हललं. त्यातला 'घाट' एवढा एक शब्द त्याच्या हाती लागला, आणि मॅडमनी तळहात थरथरवून दाखवला तो. मग त्यांनी चालू इंजिनाकडे मान कलती केली. त्यानेही केली. आणि डोळे मिटले – ते सुप्रसिद्ध डोळे मिटणं, ज्याच्यासाठी शहाद्याहून, अक्कलकुव्याहून गाड्या तळोद्याला येत. धुडकूने डोळे मिटले की इंजिन आपणहून कबुलीजबाब देतं, असं लोक म्हणत. आत त्याला ऐकू आली ती फक्त घरघर, दोन गल्ल्या पलीकडे पिठाची गिरणी चालू असावी तशी. "वाल्वन्या स्प्रिंगा," तो डोळे उघडून म्हणाला, आणि ओढणीवरच्या डोळ्यांत कौतुक पाहून त्याने नजर बॉनेटकडे वळवली.

दिवाळीपासून हे सुरू होतं. पहिल्यांदा रातकिडे गेले. यंदा रातकिडे कमी झालेत, हे त्याने पाच जणांना सांगितलं आणि कपाशीवरच्या फवाऱ्यांना दोष दिला. पाचही जणांनी मान डोलावली, त्यामुळे त्यालाही ते पटलं. मग कुकरच्या शिट्ट्या गेल्या. मग बसची घंटी... सगळं बारीक-बारीक आपापला पसारा आवरून निघून गेलं, मागे राहिली ती घरघर. पण बारीक आवाज गेला तर मिस्तरीचं उरतं काय? जाडे आवाज तर गिऱ्हाईकालाही ऐकू येतात.

त्याने प्लगच्या भोकातून पातळ सुती दोरी इंजिनात सोडली, हातभर, अजून हातभर. मग इंजिन हाताने फिरवलं. पिस्टन वर आला, दोरी दबली आणि तिने वाल्वला खालून उशीसारखा आधार दिला. आता स्प्रिंग काढली तरी वाल्व आत पडणार नाही, आणि इंजिनाचं डोकं उतरवायचं काम नाही. हात सगळं विनातक्रार करत होते. पट्टीने स्प्रिंग दाबून तिच्या टोपीतली दोन इवलीशी लॉकं त्याने चिमट्यात धरली... आणि त्यातलं एक उडालं. पूर्वी असं लॉक उडालं तर तो मान वर न करता सांगे – पत्र्याच्या डब्यामागे. टिंग म्हटलं की डबा, टक म्हटलं की लाकडी खोका. आज ते उडालं आणि जगातूनच गेलं. तो ओणवा होऊन लोहचुंबक फरशीवर फिरवत राहिला.

समोरच्या पंक्चरवाल्या भीमसिंगचे पाय दिसले. वरून काहीतरी विचारलं गेलं – काय मिस्तरी, गाडी कशी शे, असंच असणार, दुसरं कोण काय विचारतं.

"उघडी करी ठेवेल शे," धुडकू खालूनच म्हणाला. "स्प्रिंगा पार बसी गयात. नव्या टाकी ऱ्हायनू. सांजलोंग उभी व्हई जाई."

पाय हलले नाहीत.

"घाट बी चढी," त्याने विश्वासाने भर घातली. "तिसऱ्या गिअरवर!"

पाय मागे मागे सरकत गेले. लॉक मात्र त्याच्या स्वतःच्या चपलेखाली सापडलं, आणि त्या आनंदात तो भीमसिंगला विसरला.

दुपारी त्याची बायको रुक्मिणीबाई डबा घेऊन आली ती पदर तोंडात धरून. तीस वर्षं तो त्या चेहऱ्यासमोर जेवला होता. तिचं बोलणं त्याला ओठांवर वाचता येई. "भीमसिंगनी इचारं, आजी कशी शे," ती पदर सोडून म्हणाली, "अन तुम्ही काय सांगं?"

आजी! म्हणजे त्याची आई, जसोदाबाई – मागच्या आठवड्यात नंदुरबारला गुडघ्याचं ऑपरेशन होऊन आलेली. धुडकूने मोडलेला भाकरीचा तुकडा पुन्हा डब्यात ठेवला.

"आख्खी गल्ली घरमा बठेल शे. स्प्रिंग कोठे टाकी ती दखाड, म्हणतस. अन आत्याबाई बी गुडघा दखाडी ऱ्हायन्यात!"

त्याला हसू फुटलं, तीही हसली, आणि त्याला वाटलं, सुटलो. दुकानात गर्दी होती, गाड्यांचा आवाज होता, अशी दोन-तीन कारणं त्याने तयार ठेवली. रुक्मिणीबाई डब्याकडे बोट दाखवून म्हणाली, भाजीमा मीठ कमी शे का?

"नही, बराबर शे."

तिने डब्याचं झाकण हळूच लावलं. "मी आवाज काढाच नही," ती म्हणाली. "नुसता होट हालावात."

चोरी पकडली जावी तसे त्याचे कान – तेच नालायक कान – तापले. समोर रस्त्यावरून ऊस भरलेला ट्रॅक्टर गेला. तो तेवढा त्याला नीट ऐकू आला.

"कधीपाईन?" तिने विचारलं.

"दिवाईपाईन."

"माले होळीलेच समजनं. म्हटलं, आज सांगतीन, उद्या सांगतीन..." मग ती उठली, डबा उचलला आणि जाता जाता वळून म्हणाली, "होळीपाईन मी तुम्हले पाठमागे काय काय बोली लिधं, तुम्हले काय माहीत!"

त्यानंतरच्या सहा स्प्रिंगा त्याने याच विचारात बसवल्या. काय बोलली असेल? कान गेल्याचं दुःख करायला हवं होतं, ते बाजूलाच राहिलं. मी स्टोव्ह दुरुस्त करत होतो तेव्हा? का आईला नंदुरबारला न्यायला उशीर केला तेव्हा? महिना-दीड महिन्याचं बोलणं... आणि आपण प्रत्येक वेळी प्रसन्नपणे मान डोलावलेली! आठवी स्प्रिंग बसली तेव्हा त्याच्या लक्षात आलं, की सकाळपासून छातीवर बसलेलं काहीतरी मघापासून तिथे नाही. एका माणसाला माहीत होतं, आणि ते माणूस दुपारी त्याच्यासमोर पोट धरून हसलं होतं.

पाचच्या सुमारास कामिनी मॅडम आल्या. उन्हं उतरली होती, ओढणी गळ्यात होती. इंजिन सुरू झालं, त्याने त्याचा वेग चढवला, उतरवला, पुन्हा चढवला. "आवाज गेला ना, काका?" मॅडमचे ओठ म्हणाले.

त्याने डोळे मिटले. लांब पेचकसाचं टोक इंजिनावर टेकवून मूठ दातांत धरली. घरघर कवटीत भरली, भरदार, गोल. थकलेल्या स्प्रिंगांची टकटक नव्हती. पण टकटक नव्हती, का ती त्याच्यासाठी नव्हती? 'गेला' हा शब्द जिभेवर तयार होता. पस्तीस वर्षं तो तसाच तयार असे. आणि त्याला चांदसैलीच्या घाटातली वळणं दिसली, या बाई एकट्या, खाली दरी...

"मॅडम," तो म्हणाला, "माले ऐकू येत नही. तुम्हीच ऐका."

आपण हे केवढ्याने बोललो हे त्याला कळलं नाही, पण रस्त्यापलीकडे भीमसिंग ट्यूब हातात घेऊन उभा राहिला. धुडकूने पेचकस पुसून मॅडमच्या हातात दिला, मूठ कानाला कशी लावायची ते दाखवलं. "काय ऐकू येस ते सांगा. मन्हाकडे देखीसन सांगा."

मॅडमनी ऐकलं. "जात्यासारखं," त्या म्हणाल्या. "रिकामं नाही, दाणे घातलेलं जातं."

बरोबर, त्याने मान हलवली. अगदी बरोबर... दाणे घातलेलं! हे त्याला पस्तीस वर्षांत सुचलं नव्हतं. तो ऐकत आला होता आणि निकाल देत आला होता. कसं ऐकू येतं हे त्याने कधी कुणाला सांगितलं नव्हतं, आणि कुणी त्याला.

"पुढे सरका. आते तिसऱ्या सिलिंडरवर."

"इथेही तसंच. पण मधूनच एक..." मॅडम थांबल्या. त्यांच्या भुवया जवळ आल्या. एखादा शब्द शोधावा तशी त्यांची बोटं हवेत फिरली.

त्याने पंख्याच्या वाऱ्यात पापणीही लवू दिली नाही. काय असेल? बारीक असेल तर किती बारीक? त्याला भीती वाटायला हवी होती. ती कुठेच सापडेना. होती ती फक्त घाई, लहानपणी दुसऱ्याच्या मुठीत काय आहे ते बघायची असे तशी.

"मधूनच एक काय?" तो ओरडला. "सांगा ना!"