सरळ केलेलं बॉनेट

मी कल्याणच्या एका शाळेत चित्रकला शिकवतो. पहिली ते दहावी, सगळे वर्ग माझ्याच गळ्यात. बावीस वर्षं झाली, आणि या बावीस वर्षांत मुलांपेक्षा जास्त चित्रं मीच काढलीत. आता हसून सांगतोय. तेव्हा हसत नव्हतो.

प्रदर्शनाच्या आधीच्या शनिवारी शाळा सुटली की मी आतून कडी लावून बसायचो. मुलांच्या चित्रांवर 'थोडासा हात फिरवायला'. थोडासा कसला! दुसरीतल्या आर्यनने सहा पायांची गाय काढलेली. दोन पाय मी पांढऱ्या रंगाखाली गाडले. "सर, ती धावत होती," तो नंतर म्हणाला. मी म्हटलं, "बाळा, आता दमली ती." केवढा हुशार वाटलेलो मी स्वतःला! सहावीतल्या पोरांचे डोंगर एका मापाचे करायचो, नववीतल्यांच्या सावल्या गडद करायचो. पालक खूश, मुख्याध्यापिका आसावरी मॅडम खूश. "केदार सर, तुमच्या मुलांचा हात काय बसलाय!" मी मान खाली घालून लाजायचो. खरं तर लाज वाटायला हवी होती.

यंदा नववीतल्या संचिताचं चित्र होतं. पोरीला दहावीनंतर आर्टला जायचंय. तिचे वडील सहदेवभाऊ शहाडला गॅरेजमध्ये गाड्यांचं डेंटिंग-पेंटिंग करतात. त्यांनी तिला एकच सांगितलेलं, "प्रदर्शनात तुझं चित्र बघतो. दम वाटला तर आर्ट, नाहीतर गपचूप कॉमर्स." हे सांगताना तिचा आवाज कापत होता. म्हटलं, घाबरतेस काय, मी आहे ना. अहो, घाबरायला हवं होतं ते याच 'मी आहे ना'ला!

तिने तेलखडूने गॅरेजमधली निळी गाडी काढलेली. बॉनेट पार वाकडंतिकडं. मला वाटलं, पोरीचं पर्स्पेक्टिव्ह गंडलं. मी पट्टी घेतली, पोस्टर कलरचा जाड थर दिला आणि बॉनेट असं गुळगुळीत केलं की शोरूमवाल्याने विचारावं, कुठे केलंत?

प्रदर्शनाच्या दिवशी सहदेवभाऊ आले. चित्रासमोर उभे राहिलेच नाहीत. बाजूला गेले, एक डोळा मिटला आणि भिंतीलगत वाकून उजेडात तिरकं बघितलं.

"इथे पुट्टी भरलीये," ते म्हणाले. मग पोरीकडे वळले. "हे तू केलंस?"

संचिताने माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. सरांचं नाव घेणाऱ्यातली ती नव्हे.

"म्हणजे दुसऱ्याकडून करून घेतलंस. मग झालं तर. कॉमर्स."

शेजारी आसावरी मॅडम उभ्या होत्या, पाहुण्यांना माझं कौतुक सांगत. गप्प बसलो असतो तर माझी बावीस वर्षं वाचली असती आणि पोरीचं वाटोळं झालं असतं.

"भाऊ, ते मी केलं," मी म्हटलं. "तिने वाकडंच काढलेलं. मला वाटलं, चुकलं."

"चुकलं? ॲक्सिडेंटची गाडी आहे ती, सर! आठ दिवस ठोकतोय मी, अजून सरळ होत नाहीये. तुम्ही एका दुपारी केलीत?"

आजूबाजूचे पालक फिस्सकन हसले. मॅडम हसल्या नाहीत. त्यांची नजर भिंतीवरच्या एकेका चित्रावरून फिरली. "सर, सगळी?"

"सगळी, मॅडम." धरणीने पोटात घेतलं असतं तर बरं, पण शाळेची फरशी भक्कम.

भाऊंनी रुमाल ओला केला आणि अगदी हलक्या हाताने बॉनेट पुसायला लागले. माझा निळा रंग रुमालावर आला. खालून संचिताचं बॉनेट निघालं, जरा पुसट, पण प्रत्येक घडी जागच्या जागी. भाऊंनी न टेकवता त्या घड्यांवरून बोट फिरवलं.

"डाव्या अंगाने खांबाला लागलेली. बरोब्बर. पत्रा इथेच दुमडलाय. तुला कसं कळलं गं?"

"पप्पा, तुम्ही ठोकत होता तेव्हा मी बसून बघत होते ना."

भाऊंनी निळा झालेला रुमाल घडी घालून खिशात ठेवला. संचिता त्यांच्या तोंडाकडे बघत होती. खोटं कशाला सांगू, मीही.

"जाऊ दे हिला आर्टला," ते शेवटी म्हणाले.

पोरगी रडत रडत हसायला लागली. मला इतका आनंद झाला की मी भाऊंचा हातच धरला. त्यांनी तो हळूच सोडवून घेतला, आणि खऱ्या काळजीने विचारलं, "पण सर, तिथे शिकवायला दुसरे कोणी असतात ना?"

"असतात," मी म्हटलं.